सहाही घरं हिरव्यात

बॅटरी दुकानात आली की साळू तिला लगेच तार लावायची नाही. आधी ओल्या फडक्यानं पुसायची, मग दोन्ही हातांनी धरून थोडी हलवायची आणि कान लावायची. आतल्या सहा कप्प्यांत, म्हणजे घरांत, पाणी कसं डुचमळतंय त्यावरून सांगायची, "तिसरं घर कोरडं हाय." बूच उघडलं की तिसरंच घर कोरडं निघायचं. गिऱ्हाईक माझ्याकडं बघायचं. मी तारा गुंडाळत बसायचो. पाटीवर नाव माझं होतं, पण दुकान कुणाचं ते सगळ्या रस्त्याला माहीत होतं.

साळू माझी बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात सवय होते. ज्यांना होत असेल त्यांना होत असेल. लेक म्हणाली, आईचं काहीतरी लिहून ठेवा, फोटोसुद्धा एकच आहे, तोही रेशनकार्डावरचा. त्या फोटोत साळू पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. ती तशी नव्हती. माझी सातवी झाली, तीही ढकलत. जसं येईल तसं लिहितो.

दौंडहून शिरूरला जायच्या रस्त्याला आमचं पत्र्याचं दुकान होतं. ट्रक, जीप, ट्रॅक्टर, सगळ्यांच्या बॅटऱ्या चार्जिंगला यायच्या. लग्नानंतर बरीच वर्षं साळू फक्त भाकरी घेऊन यायची. एकदा माझा उजवा हात ॲसिडनं भाजला, तेव्हा ती बुचं उघडायला बसली, आणि माझा हात बरा झाला तरी उठली नाही.

ती मांडवगण फराट्याच्या मेंढकाची पोरगी. तेरा-चौदा वर्षांची होईपर्यंत बापाच्या मेंढरांमागं चालली, त्यामुळं शाळा नाही. पण बॅटरी तपासायची जी काचेची नळी असते, तिच्यात आत एक काटा तरंगतो आणि त्याच्यावर तीन रंगांचे पट्टे असतात. हिरवा म्हणजे भरलेली, पिवळा म्हणजे अर्धी, लाल म्हणजे रिकामी. आकडे मी वाचायचो, ती रंग वाचायची. सहा घरांची सहा बुचं काढायची, नळीनं एकेका घरातलं पाणी ओढायची आणि मेंढरं मोजल्यासारखं मोठ्यानं म्हणायची, "हिरवं, हिरवं, हिरवं, ह्ये लंगडं, हिरवं, हिरवं." एक जरी घर लंगडं निघालं तरी बॅटरी द्यायची नाही. म्हणायची, "पाच घरं पळत्यात म्हून काय उपेग, चाल लंगड्याचीच ऱ्हाती."

तिचे नियम होते. बॅटरी जमिनीवर ठेवायची नाही, फळीवर ठेवायची. आज आलेली बॅटरी आज जात नाही. जेवढ्या अँपिअरची बॅटरी, त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त करंट द्यायचा नाही, मग दिवस लागला तरी चालेल. आणि लाइट गेली की पहिल्यांदा चार्जरचं बटण खाली, म्हणजे बंद, कारण लाइट परत येताना धक्का घेऊन येते. त्या काळात लोडशेडिंगनं जीव खाल्ला होता. दिवसातून चार वेळा बटण खाली आणि चार वेळा वर. गिऱ्हाईक वैतागायचं.

"मावशी, बाजूचा दोन तासात देतो चार्जिंग करून!"

"मग त्याच्याकडंच जा. तो उकळून देतो. उकळलेलं दूध प्यावं, बॅटरी न्हाई."

तिच्या सगळ्या लुगड्यांच्या पदराला बारीक भोकं होती. ॲसिडचा हात पदराला पुसायची खोड. मी ओरडायचो, खायचा सोडा आणि पाण्याची बादली शेजारीच असते, त्यात हात घाल. ती म्हणायची, "पदर जवळ असतो."

एका बागायतदाराची गोष्ट सांगतो. त्याला ट्रॅक्टर विकायचा होता. बॅटरी मेलेली. घेणारा दुसऱ्या दिवशी बघायला येणार होता. तो साळूला म्हणाला, "मावशी, चार्जिंगचं ऱ्हाऊ द्या. घरात जरा ॲसिड वाढवा. काटा तेवढा हिरव्यात जाऊ द्या."

ही आमच्या धंद्यातली जुनी लबाडी. काटा पाण्यातल्या ॲसिडवर तरंगतो. वरून ॲसिड ओतलं की रिकामी बॅटरीसुद्धा भरलेली दिसते. एक-दोन दिवस जातात आणि मग ती कायमची मरते.

साळूनं त्याची बॅटरी उचलून त्याच्या जीपच्या बॉनेटवर ठेवली. म्हणाली, "काटा वर जाईल, बॅटरी हितंच बसंल. मी दुसऱ्याच्या कळपात आंधळं मेंढरू सोडत न्हाई. निघा."

तो मोठा माणूस होता, साखर कारखान्यात त्याचं वजन होतं. मी त्याची माफी मागायला रस्त्यापर्यंत गेलो. परत आलो तर साळू म्हणाली, "माफी मागून झाली असंल तर पाणी भरा."

गुरुजी आले ते अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवच्या सुमाराला. दौंडच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. बारीक, उंच, पायजम्याला सायकलची क्लिप लावलेली तशीच. त्यांनी कुणाकडून तरी एक मोठी दुर्बीण मिळवली होती आणि गावोगाव शाळांमधून पोरांना आकाश दाखवत फिरायचे. सायकलच्या कॅरिअरला मोटारगाडीची जुनी बॅटरी बांधून आणली होती.

"ही तासाभरात मान टाकते हो," म्हणाले. "चार वेळा चार्ज केली."

साळूनं हलवली, ऐकली, एक बूच उघडलं. "हिला दर येळी तळापतूर रिकामी करता का?"

"हो. बंद पडेपर्यंत चालवतो."

"आन् मग चार्जिंगला कवा देता?"

"पुढच्या कार्यक्रमाच्या आधी. महिन्याभरानं."

साळूनं कपाळावर हात मारला. "उपाशी जनावर म्हैनाभर दावणीला बांधून ठेवता आन् मग म्हनता चालत न्हाई. आतनं पांढरं पडलंय सगळं. पर मला सांगा, दुर्बिणीला बॅटरी कशाला? काचंतनं बघायचं असतं ना?"

गुरुजींनी दुकानातच फळीवर खडूनं काढून दाखवलं. पृथ्वी फिरते, त्यामुळं दुर्बिणीत धरलेला तारा दीड-दोन मिनिटांत सरकून बाहेर जातो. म्हणून दुर्बीण ज्या बैठकीवर बसवलेली असते तिला एक लहान मोटार असते. ती दुर्बिणीला ताऱ्याच्या चालीनं हळूहळू फिरवते. मग तारा काचेत जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो.

"म्हंजी तारा म्होरं चालतो आन् मोटार त्याच्या मागं कुत्र्यावानी चालती."

"अगदी बरोबर."

"मग हिला जोर न्हाई लागत. दम लागतो." साळूनं त्या मोटारगाडीच्या बॅटरीवर थाप मारली. "हा शर्यतीचा बैल हाय. इंजिन चालू करायचं, एक हिसका द्यायचा, की ह्याचं काम झालं. प्लेटा पातळ असत्यात. तुमाला पायजे मेंढकाचं घोडं. बिऱ्हाड पाठीवर घ्यायचं आन् सकाळधरनं सांजंपतूर एका चालीनं चालायचं."

"ट्रकची घेऊ का? ती मोठी असते."

"मोठी हाय, पर सायकलीवरनं न्येणार कोन? तुमी का बॅटरी तुमाला?"

गुरुजी खूप हसले. त्यानंतरही ते मोटारगाडीच्या पातळ प्लेटांच्या बॅटऱ्या घेऊन येत राहिले, कारण दुसरं मिळत नव्हतं. पण साळूनं सांगितलं तसं वागायला लागले. अर्धी झाली की थांबायचे आणि दुसऱ्याच दिवशी सायकल दुकानाला लागायची. दर वेळी म्हणायचे, "साळूबाई, एकदा या की बघायला. शनीची कडी दाखवतो."

"दर शनवारी त्याल घालते त्येला. आनि जवळनं कशाला बघू?"

"मग गुरू बघा."

"गुरू रोज दुकानात येतोय."

ती बघायला गेली नाही. मी एकदा विचारलं, का गं? म्हणाली, "मी बघितल्यात चांदण्या. झोपायला छप्पर कुठं व्हतं आमाला." तिला मृगातलं तिकांडं माहीत होतं, सप्तर्षींची बाज आणि तिचे तीन चोर माहीत होते. आणि सगळ्यात जास्त माहीत होती शुक्राची चांदणी. तिचा बाप शुक्र वर आला की कळप उठवायचा. घड्याळ नव्हतं, शुक्र होता. "शुकीर आला गं," असं म्हणत तो घोंगड्याचं टोक ओढायचा. साळू म्हणायची, बापाचं तोंड आता आठवत नाही, पण ते घोंगडं ओढलेलं आठवतं.

तिला साखर होती. पायाला झाली असती तर आम्ही वेळेवर बघितलं असतं, डोळ्याला झाली ती कळली नाही. आधी ती सुईत दोरा ओवायला मला द्यायला लागली. मग काचेच्या नळीतला हिरवा आणि पिवळा तिला एकच दिसायला लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मधला पडदा गेलाय, कडेचं राहिलंय, तेही हळूहळू जाणार. लेझर करू, पण आशा धरू नका. तेव्हापासून साळू समोरच्या माणसाशी बोलताना मान तिरकी करून बोलायची. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई रागावली आहे. आणि नळीतला रंग मी वाचायला लागलो. ती नळी भरायची, माझ्यापुढं धरायची आणि विचारायची, "हिरव्यात हाय का?"

मी सांगायचो ते ती मानायची. दुसरं काय करणार होती?

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात गुरुजी दुकानात आले ते सायकल स्टँडवर लावायचंसुद्धा विसरून. सायकल आडवी पडली. म्हणाले, "साळूबाई, जूनमध्ये शुक्र सूर्यावरून जाणार आहे. भरदिवसा. हे आज जिवंत असलेल्या कुणीच बघितलेलं नाही."

"लबाड बोलता. शुकीर दिसा कसा दिसंल?"

"चांदणी म्हणून नाही दिसणार. सूर्याच्या तबकडीवर काळा ठिपका. सकाळी पावणेअकराला आत शिरेल, संध्याकाळी पाचच्या आसपास बाहेर पडेल."

साळूनं हातातलं बूच खाली ठेवलं. मग मान तिरकी करून म्हणाली, "माज्या डोळ्याला दिसंल?"

गुरुजी खोटं बोलणारा माणूस नव्हता. खाली बसले आणि म्हणाले, "तुमची कडेची नजर शाबूत आहे. ठिपका शोधायला तुम्हाला वेळ लागेल. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काळी काच लावलेली असेल, डोळ्याला धोका नाही. पण तेवढा वेळ सूर्य जागचा हलता कामा नये. म्हणजे मोटार चालली पाहिजे. मोटार चालली तर दिसेल."

"आन् पुन्यांदा कवा?"

"आठ वर्षांनी. मग शंभराच्या वर वर्षं नाही."

"आठ वर्सं माजा डोळा थांबत न्हाई," साळू म्हणाली आणि उठली.

कार्यक्रम मांडवगण फराट्याच्या शाळेत ठरला. गुरुजींनी मुद्दाम तिचं माहेर धरलं असणार.

तिनं बॅटरी निवडायला महिना घेतला. शिरूरच्या भंगारवाल्याकडून तीन बॅटऱ्या आणायला लावल्या. कुठल्यातरी ग्रामपंचायतीच्या सोलर दिव्यांच्या खांबांवरून उतरवलेल्या. त्यांच्या प्लेटा जाड असतात, रात्रभर मंद दिवा जाळायचं त्यांचं काम. गुरुजींची मोटार जेवढा करंट खाते तेवढाच खाणारा मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब तिनं शोधला. एकेक बॅटरी पूर्ण भरायची, सकाळी तिला बल्ब लावायचा आणि संध्याकाळपर्यंत तो किती टिकतो ते बघायचं. दुकानाच्या दारात ती शेंगा फोडत बसलेली आणि शेजारी भर उन्हात पिवळा बल्ब जळतोय. येणारे-जाणारे टिंगल करायचे.

"मावशी, दिसा दिवा लावलाय?"

"देव बसवलाय. चप्पल काढून म्होरं जा."

तिला बल्ब नीट दिसत नव्हता. दर तासाला काचेवर बोट ठेवून ऊब बघायची. पहिली बॅटरी दुपारी दोनला पडली. दुसरी चारला. तिसरीचा बल्ब दिवेलागणीपर्यंत जळत राहिला आणि साळूनं स्वतः तार काढली. त्या बॅटरीला तिनं हळदीकुंकू लावलं. मी हसलो तर म्हणाली, "हसा. मेंढकाचं घोडं मिळालंय मला."

चाचणीत ती बॅटरी जवळजवळ रिकामी झाली होती. ती परत भरायची होती, आणि हातात तीन दिवस होते. पण साळूची लेझरची तारीख नेमकी त्याच दिवसांत आली. लेक तिला घेऊन पुण्याला गेली. जाताना साळूनं बॅटरी फळीवर ठेवली, तारा लावल्या, करंट तीनवर आणला आणि मला म्हणाली, "दीड दिस लागंल. लाइट गेली की बटण खाली, आली की वर. येवढंच करा. दुसरं काय करू नगा."

एवढंच करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट गेली. मी बटण खाली केलं. शिरूरला चुलतभावाच्या पोराचं लग्न होतं. म्हटलं दुपारपर्यंत येतो. शिरूरला गेलो, जेवलो, बसलो. भावकी भेटली. राहा म्हणाले, राहिलो. दुसऱ्या दिवशीचं जेवणही घेतलं. बॅटरी मला आठवली नाही असं नाही. आठवली. बटण खालीच आहे, धक्का बसायचा नाही, असं मनाला सांगितलं. संध्याकाळी सहाला दुकान उघडलं. लाइट होती. आदल्या दिवशी कितीदा येऊन गेली असेल देव जाणे. बॅटरी तशीच होती. काटा लाल आणि पिवळ्याच्या मध्ये.

साळूची एसटी आठला येणार होती आणि सकाळी मांडवगणला जायचं होतं.

मी करंट अठरावर नेला. बॅटरी उकळायला लागली, बुचांतून फेस आला, दुकानात वास कोंडला. दीड तास तसं केलं आणि साडेसातला परत लाइट गेली. काटा पिवळ्यात. तेव्हा मी ॲसिडचा कॅन काढला. प्रत्येक घरातलं थोडं पाणी ओढून टाकलं आणि वरून ॲसिड सोडलं. पहिलं घर, दुसरं, तिसरं. काटा हिरव्यात गेला. सहाही घरांत गेला. तो बागायतदार मला त्या वेळी आठवला. हात थांबला नाही.

साळू आली. डोळ्याला हिरवी पट्टी, एकाच. चहा न घेता सरळ फळीकडं गेली आणि बॅटरीवर हात ठेवला.

"गरम का लागती?"

"दिसभर पत्रा तापलाय."

"व्हय," ती म्हणाली. "उन्हाळा हाय." मग विचारलं, "हिरव्यात हाय?"

"हिरव्यात."

"सहाही घरं?"

"सहाही."

तिनं बॅटरीला गोणपाट गुंडाळलं, लेकराला गुंडाळावं तसं.

शाळा अजून उघडलेली नव्हती, तरी पोरं नव्या कपड्यांत आली होती. आभाळ निवळ होतं. गुरुजींनी पटांगणात दुर्बीण लावली, तोंडाला काळी काच बसवली. साळूनं फळी मागितली, बॅटरी फळीवर ठेवली, तारा स्वतः जोडल्या. मोटार गुणगुणायला लागली. साळू तो आवाज ऐकत उभी राहिली. पावणेअकराला गुरुजी ओरडले, "शिरला! आत शिरला!" आणि लगेच म्हणाले, "साळूबाई, या. पहिला मान तुमचा."

मी तिच्या मागंच होतो. मला वाटलं, जाईल, बघेल, सुटेल. बॅटरीत तेवढा दम होता. पहिले दोन-अडीच तास तरी नक्की होता.

साळू म्हणाली, "मला वेळ लागतो. माज्यापायी येवढी लेकरं उन्हात उभी ऱ्हातील. आधी पोरं पाण्यावर जाऊ द्या."

मेंढकांची ती रीत आहे. पाणवठ्यावर आधी कळप पाणी पितो, शेवटचं कोकरू पिऊन झालं की मग माणूस ओंजळ लावतो. बाप कितीही तहानलेला असला तरी तसंच. साळू जन्मभर तशीच जेवली, तशीच निजली.

गुरुजी म्हणाले, "अहो, पण—"

"संध्याकाळपतूर चालती माजी बॅटरी," साळू म्हणाली. "बल्ब लावून बघितलंय."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. चारचौघांत तिला ओढून म्हणायला हवं होतं, साळे, आत्ताच बघ. एवढंच वाक्य. कारण सांगायचीसुद्धा गरज नव्हती. पण मग ती विचारणार, का? मी बोललो नाही.

ती लिंबाखाली बसली. पोरं एकेक करून डोळा लावत होती आणि पळत येऊन तिला सांगत होती. "आज्जे, गालावर तीट लावल्यावानी दिसतंय!" ती प्रत्येकाला विचारायची, "कुठल्या अंगाला हाय? खालच्या?" तिला जागा पाठ करायची होती, म्हणजे डोळा लावल्यावर शोधायला वेळ कमी लागेल. मी रांग मोजत होतो. शंभर पोरं गेली. दीडशे गेली. मग गावातली माणसं, बाया. एक वाजून गेला. पश्चिमेला ढग चढायला लागले होते.

रांगेत दहा-बारा माणसं राहिली असताना साळूनं लिंबाखालून मान वर केली. कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. ती म्हणाली, "गुरुजी, मोटार धापा टाकतीया."

गुरुजींनी कान लावला. तेवढ्यात गुणगुण थांबली.

साळू उठून आली. बॅटरीपाशी उकिडवी बसली, एक बूच उघडलं, बोट बुडवलं आणि दोन बोटांत चोळलं. ॲसिडला चटका असतो. रिकाम्या बॅटरीच्या पाण्याला फारसा नसतो. ही बॅटरी रिकामी होती आणि चटका भरलेल्याच्या वर होता. असं कशानं होतं ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं! तिनं दुसरं बूच उघडलं, तिसरं उघडलं. मग बोटं पदराला पुसली आणि मान तिरकी करून, मी उभा होतो त्या बाजूला तोंड केलं. मी किती दिसत होतो तिला, माहीत नाही.

गुरुजी म्हणाले, "काय झालं हो?"

"घर मेलं एखादं," साळू म्हणाली. "भंगारातलीच व्हती. माजी निवड चुकली."

सगळ्या गावासमोर म्हणाली. तिच्या माहेरासमोर.

एकजण ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायला पळाला. तोवर गुरुजींनी कळ सैल करून हातानं दुर्बीण फिरवायला घेतली. "या, या, साळूबाई. आत्ता आहे. लावा डोळा." तिनं पट्टी नसलेला डोळा लावला. मान इकडं केली, तिकडं केली. "खालच्या कडेला बघा." "व्हय, बघते." तेवढ्यात सूर्य सरकायचा. गुरुजी परत धरायचे. हात कापायचा, सूर्य उडी मारायचा. "आता?" "थांबा जरा." "आता?" असं किती वेळ चाललं. मग ऊन मंद झालं, आणि पटांगणावर सावली पसरली. ढग आले होते.

साळूनं डोळा काढला नाही. काळ्या काचेतून आता कुणालाच काही दिसलं नसतं. तरी दोन मिनिटं ती तशीच वाकून राहिली. मग सरळ झाली आणि म्हणाली, "दिसली गुरुजी. तीट लावल्यावानी."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बरं झालं."

ट्रॅक्टरची बॅटरी आली. मोटार चालू झाली. संध्याकाळपर्यंत ढग हलले नाहीत.

जीपमधून येताना मी वाट बघत होतो. घरी गेल्यावर शिव्या देईल, भांडी आपटेल, लेकीला सांगेल. तिनं त्यातलं काही केलं नाही. बॅटरी दुकानात नेली, बुचं उघडली, ते पाणी ओतून दिलं, आणि कवच भंगारात टाकलं. हळदीकुंकू लावलेली बाजू भिंतीकडं करून.

दुसऱ्या दिवशी एक जीपवाला आला. साळूनं नळी भरली. मी सवयीनं पुढं झालो. तिनं नळी माझ्यासमोरून नेली आणि त्या जीपवाल्यापुढं धरली. "बाबा, जरा बघतोस का, कोन्त्या रंगात हाय?"

"हिरव्यात, मावशी."

"बरं."

त्यानंतर असंच. मी शेजारी उभा असायचो आणि ती ड्रायव्हरला विचारायची, क्लीनरला विचारायची, रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायची. माझ्याशी बोलणं बंद नव्हतं. जेवायला वाढायची, पाठीला तेल चोळून द्यायची, गुडघा दुखतोय का विचारायची. फक्त काटा विचारायची नाही. एकदा मी सुरुवात केली होती. "साळे, मांडवगणला त्या दिशी..." ती म्हणाली, "लाइट आली का बघा." लाइट आलेली नव्हती. मी उठून बघून आलो आणि तसं सांगितलं. ती शेजारच्या टपरीवाल्याला ओरडून म्हणाली, "लाइट आली का रं?"

गुरुजी पुढच्या वर्षी मुलाकडं नागपूरला गेले. साळूची कडेची नजरही गेली. ती आंधळी झाल्यावरही दुकानात बसायची, बॅटऱ्या हलवून ऐकायची, हात लावून तापली का सांगायची. मग किडनीवर आलं.

शेवटची बघितली ती दौंडच्या दवाखान्यात, दुपारच्या वेळेला. हाताला सलाईन लावलेलं. मी उशापाशी स्टुलावर. पलीकडच्या खाटेपाशी कुणाची तरी सून बसली होती, आमच्या ओळखीची ना पाळखीची. साळू बराच वेळ पडून होती. मग विचारलं, "बाटली किती ऱ्हायली?"

मी म्हणालो, "अर्धी हाय."

तिनं ऐकलं. पलीकडं मान वळवली, अंदाजानं, जिथून बांगड्या वाजत होत्या तिकडं. म्हणाली, "बाई, तेवढी बाटली बघतीस का? किती ऱ्हायलीया?"

ती पोरगी उठली, वर बघितलं आणि म्हणाली, "अर्धी हाय, मावशी."

"बरं," साळू म्हणाली, आणि डोळे मिटले.

अर्धीच होती. मी खरं सांगितलं होतं.